पाचवी ओळ

“पाचवी ओळ वाचा, सर,” अर्नेटा म्हणाली.

म्हाताऱ्याने नजर तपासायच्या यंत्राला कपाळ टेकवलं. “ई... एफ... नाही, पी...” आणि तो थांबला.

गाडीच्या लायसन्सच्या कचेरीत अर्नेटाला एकोणीस वर्षं झाली होती. असं कुणी अडखळलं की खिडकीवरच्या सगळ्याच बायका म्हणत, “चष्मा पुसा, दम घ्या, पुन्हा बघा.” दुसऱ्या खेपेला निम्मेअधिक सुटत. नियमात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

पण अर्जावरचं नाव वाचल्यापासून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. थिओडोर प्रूइट, तिच्या शाळेचा मुख्याध्यापक. काळ्यांच्या वस्तीतली शाळा आणि मुख्याध्यापकही काळाच. आपला माणूस, म्हणून तिचा राग दुप्पट. घंटा झाली की तो वर्गांची दारं लावून घ्यायला सांगे आणि उशीर होऊन बाहेर राहिलेल्या पोरांना गुरांसारखं हाकत जेवणघरात नेई, नावं लिहून शिक्षा द्यायला. ‘झाडलोट’ म्हणत त्याला.

अर्नेटा धाकट्या भावाला पाळणाघरात सोडून मग शाळेत यायची. तिसऱ्यांदा दोन मिनिटं उशीर झाला आणि तिला दहा दिवस शाळा बंद झाली. नेमकी त्याच दहा दिवसांत राज्याची परीक्षा होती.

“परीक्षेपुरतं येऊ द्या, सर,” त्याच्या दारात ती रडली होती. “त्या गुणांशिवाय नर्सिंगला घेत नाहीत हो.”

“नियम सगळ्यांना सारखा,” तो म्हणाला होता. वर्गात पहिली येणारी पोर नर्स झाली नाही.

“आज माझा वाढदिवस,” यंत्रावरून मान काढत प्रूइट म्हणाला. “लायसन्स आजच संपतंय. बायको वृद्धाश्रमात असते, तीस मैलांवर. तिकडे बसही जात नाही. दुपारचं जेवण माझ्याशिवाय कुणाच्या हातून घेत नाही ती. सूपचा डबा गाडीतच आहे. जरा पुन्हा बघू का?”

शेजारच्या खिडकीतून डेलोरिस कुजबुजली, “बघू दे की गं. तुझं काय जातंय?”

“नियम सगळ्यांना सारखा, सर,” अर्नेटा म्हणाली. सव्वीस वर्षं तिने हे वाक्य जपून ठेवलं होतं. “डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद आणा. तोवर गाडीला हात लावायचा नाही.” तिने जुन्या लायसन्सला भोक पाडलं. खट्‌ असा आवाज झाला आणि तिला फार बरं वाटलं.

आता त्याला कळायलाच हवं होतं. “मी तुमच्या शाळेत होते, सर. झाडलोटीत सापडलेली. दहा दिवस घरी बसवलंत मला, परीक्षेच्या वेळी.”

प्रूइटने तिला निरखून पाहिलं. ओळख पटली नाही, पण त्याचा चेहरा उजळला.

“माझ्या शाळेतली तू? तरीच! दुसऱ्या कुणी दयामाया दाखवून सोडलं असतं मला. बघ, लागली ना शिस्त? शाबास, पोरी.”

अर्नेटाच्या तोंडची चव गेली. एवढ्या वर्षांचा राग, आणि त्या माणसाने त्यालाच शिस्त समजून शाबासकी देऊन टाकली.

तो ताठ मानेने बाहेर गेला. काचेतून ती पाहत राहिली. सवयीने त्याने चालकाच्या बाजूचं दार उघडलं, क्षणभर थांबला आणि लावून टाकलं. मग गाडीला वळसा घालून पलीकडच्या सीटवर बसला. चालवायला गाडीत दुसरं कुणीच नव्हतं. बायकोसाठी आणलेला सूपचा डबा मांडीवर घेतला, पट्टा बांधला आणि समोर बघत राहिला.