‘बसू नये’ म्हणे!

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी झुलती खुर्ची आहे. जुनी आहे, डोलताना कुरकुरते, पण शोभेची मुळीच नाही. शोभेच्या वस्तू पाहायच्या असतील त्यांनी चर्चमधले चांदीचे दिवे पाहावेत. माझ्याकडे येणाऱ्याने बसावं.

माग्दालेना नदीकाठच्या सान ब्लास गावात माझा जन्म झाला. अन्सेल्मो सुताराने लाल सुगंधी लाकूड तासून मला घडवलं आणि भिजवलेल्या वेताची बैठक विणली. एकही खिळा मारला नाही. मी लग्नाच्या आहेरात आले, आणि ज्या नवरीला मिळाले तिच्या नातीची, म्हणजे नेमेसियाबाईंची, आज मी आहे.

आमच्या गावात दिवसभर घरं तापतात. ऊन उतरून नदीवरचा वारा सुटला की दारादारातून खुर्च्या बाहेर येतात आणि फरसबंदी रस्त्याच्या कडेला ओळीने डोलू लागतात. खुर्ची रिकामी दिसली तर येणाऱ्या-जाणाऱ्याने खुशाल बसावं, हा इथला रिवाज. आतलं कालवण ढवळून मालकीण परत येईपर्यंत तिच्या जागी पोस्टमन बसलेला असायचा, आणि तिला त्याचं काहीच वाटायचं नाही. माझ्यावर बसून माणसांनी लग्नं जुळवली, भांडणं उकरून काढली, तान्ही मुलं झोपवली. नेमेसियाबाईही त्या तान्ह्या मुलांतल्याच एक.

मग नदीने वाट बदलली. बोटी येईनाशा झाल्या आणि जग आमच्या गावाला विसरलं. कुणी फिरकलंच नाही, म्हणून तर हे पांढरे वाडे, खिडक्यांचे हे उंच गज, हे सज्जे जसेच्या तसे राहिले! माझे मात्र हाल झाले. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मला मागच्या अंगणात टाकलं. फाटक्या वेतात कोंबड्या अंडी घालायच्या. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं.

नवरा गेल्यावर नेमेसियाबाईंची पाठ धरू लागली. प्लास्टिकवर बसवेना. त्यांनी कोंबड्या हाकलल्या, मला घासूनपुसून घेतलं आणि आठ दिवस खपून स्वतःच्या हाताने नवा वेत विणला. तेव्हापासून एकही संध्याकाळ चुकलेली नाही.

पुढे परदेशी पाहुणे गाव पाहायला येऊ लागले. नेमेसियाबाईंनी पुढची खोली त्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्यांचं पोट त्या खोलीवरच चालतं. आणि एके दिवशी राजधानीहून फाबियान नावाचा तरुण अधिकारी फाईल घेऊन दारात उभा राहिला. गुरुवारी जुन्या वास्तू जपणारी मोठी समिती गाव पाहायला येणार होती. रस्ता शंभर वर्षांपूर्वी होता तसाच दिसायला हवा, म्हणून यापुढे कुणी बाहेर खुर्ची टाकायची नाही, असा आदेश होता. टाकली तर खोली भाड्याने द्यायचा परवाना रद्द. पुरावा म्हणून त्याने जुना फोटो दाखवला. त्यात खरंच रस्ता मोकळा होता. एकही खुर्ची नाही.

माझ्यावर मात्र साहेबांची मेहेरबानी झाली. गावातली सर्वांत जुनी खुर्ची म्हणून शुक्रवारी मला नगरभवनात शोभेला मांडायला नेणार होते. त्याने तिथल्या तिथे माझ्या दोन्ही हातांना लाल दोरी बांधली आणि पाटी अडकवली, ‘बसू नये’. मित्रांनो, कोंबड्यांचा राग आला नव्हता इतका मला त्या पाटीचा आला.

नेमेसियाबाईंनी चष्मा लावून फोटो निरखला.

“बाळा, हा कधी काढलाय?”

“शंभर वर्षं तरी झाली असतील, बाई.”

“वर्षं नाही विचारली. वाजले किती होते?”

फाबियान फाईल चाळू लागला.

“सावली बघ, भिंतीच्या पायाशी आखडलीय. दुपारचा एक वाजलाय. त्या वेळी आमच्याकडे कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही. सगळे आत घोरतायत. झोपलेल्या गावाचा फोटो घेऊन तू मला शिकवायला आलास होय?”

पोरगा कानापर्यंत लाल झाला. चूक त्याला पटली होती, पण आदेश वरून आलेला, तो बदलणं आपल्या हातात नाही, असं पुटपुटत तो निघून गेला.

गुरुवारी संध्याकाळी वारा सुटला, पण खुर्च्या आतच राहिल्या. परवान्याच्या धाकाने शेजारीपाजारी गजांआडून पाहत होते. समोरच्या उबाल्दिनाबाईंनी हळूच बजावलं, की खोली गेली तर खाशील काय? नेमेसियाबाईंनी मासे कापायची सुरी आणली, दोरी कापली, पाटी चुलीत घातली आणि मला ओढत उंबऱ्याबाहेर काढलं. मग टेकल्या आणि डोलू लागल्या. सुन्या रस्त्यावर माझी एकटीची कुरकुर घुमत होती. मीही मुद्दाम जोरात कुरकुरले.

समिती आली. आम्हाला पाहताच फाबियानचा चेहरा उतरला. समितीत काठी टेकत चालणाऱ्या एक वयस्क बाई होत्या. त्या माझ्यापाशी थबकल्या. नेमेसियाबाई उठल्या.

“बसा हो बाई. पाय बघा किती सुजलेत.”

बाई बसल्या. बूट काढले, डोळे मिटले. कुणीतरी त्यांना नगरभवनातल्या समारंभाची आठवण करून दिली.

“तुम्ही व्हा पुढे,” डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. “मी इथे आहे.”

नेमेसियाबाई उभ्याच होत्या. तेव्हा उबाल्दिनाबाई आपली खुर्ची उचलून रस्ता ओलांडून आल्या आणि ती नेमेसियाबाईंसाठी माझ्या शेजारी मांडली.

शुक्रवारी मला न्यायला कुणी आलं नाही, पण आदेश अजून रद्द झालेला नाही. तो आमच्या भिंतीवर चिकटवलाय आणि रोज संध्याकाळी मी त्याच्याखाली डोलते. परवान्याचं काय होणार, कुणालाच ठाऊक नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची काळजी घ्यायची असेल, तर वेत सैल झाला की आवळा, पाऊस आला की आत घ्या, आणि कामाला लावा. मला पुन्हा दोरी बांधायची कुणाची इच्छा असेल, तर जरूर यावं. फक्त आधी माझ्यावर बसलेल्या माणसाला उठवून दाखवावं.