मार्तंडकाकांची बाग आणि ओढा

बोर्ली पंचतनजवळच्या एका लहानशा ओढ्याचा अभ्यास श्रद्धा करत होती. डोंगराचा उतार, मातीचा प्रकार, पाऊस, झाडोरा ही माहिती संगणकात भरली, की कुठली जमीन किती धुपेल, खत कुठून वाहून येईल, याचा नकाशा तयार व्हायचा. नकाशा आला आणि ती चपापली. त्यावर सगळ्यात लाल, म्हणजे सगळ्यात जास्त धुपणारी, दिसत होती मार्तंडकाकांची आंब्याची नवी बाग, आणि श्रद्धा राहत होती त्यांच्याच घरी.

जेवताना तिने चाचरत सांगितलं. काकांचा हात ताटात थांबला. संगणकाने आपली बाग कधी पाहिली, असं त्यांनी विचारलं. कुमुदकाकूंनी आमटी वाढत दोघांनाही प्रत्यक्ष जाऊन बघायला सांगितलं.

सकाळी पाऊस उघडल्यावर दोघं निघाले. श्रद्धा रोज जिथून तपासणीसाठी पाणी घ्यायची, तिथून जरा वर गावातल्या हिरामणच्या म्हशी ओढ्यात डुंबत होत्या. पाणी गढूळ, वर शेणही तरंगत होतं. दोष म्हशींवर गेला म्हणून काका खूश झाले. श्रद्धाला स्वतःचंच हसू आलं. म्हशींचा विचार तिने केलाच नव्हता.

तरी ती म्हशींच्याही वर चढत गेली. तिथे दोन झरे मिळत होते, एक रानातून येणारा, दुसरा काकांच्या बागेतून. तिने दोन बाटल्या भरून काकांच्या हातात दिल्या. एक नितळ, दुसरी चहासारखी. पाण्यात खत असेल तर रंग बदलणाऱ्या तपासणीच्या पट्ट्या बुडवल्या. रानाकडची पांढरीच राहिली, बागेकडची गर्द गुलाबी झाली. तणनाशकाने उघड्या पडलेल्या उतारावर फेकलेलं खत पावसाबरोबर खाली येत होतं.

काकांनी चहासारखी बाटली उजेडात धरून हलवली.

"म्हणजे म्हशी निर्दोष?"

"निम्म्या," श्रद्धा म्हणाली.

काका मोठ्याने हसले.

त्यानंतर त्यांनी तणनाशक बंद केलं, गवत राखलं, उताराला आडवे दगडी बांध घातले, बांधांवर माती धरून ठेवणारं वाळ्याचं गवत लावलं. खत झाडांभोवती चर खणून मातीआड जाऊ लागलं. श्रद्धाने हे सगळं, म्हशींसकट, गणितात घातलं.

पुढच्या पावसाळ्यात बागेकडून येणारा गाळ तिच्या अंदाजापेक्षाही कमी भरला. ती चूक काकांनी आनंदाने माफ केली, आणि शेजारच्या बागायतदारांना बांध दाखवायला स्वतःच वर घेऊन जाऊ लागले.