माझ्या बुडावर वाहिलेली फुलं

मी कडूबाभाऊंची कढई बोलतेय. आवाज जरा खणखणीत आहे, सांभाळून घ्या. जात लोखंडाची, आणि सगळं आयुष्य पंगतींच्या गलक्यात गेलेलं.

चिखलीच्या एका लोहाराने मला घडवलं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि जो तो काहीतरी नवं घेत होता. कुणी सायकल घेतली, कुणी रेडिओ. कडूबाभाऊंनी बैलगाडीत घालून मला घरी आणलं. त्यांच्या बायकोने, गोजराबाईंनी, माझ्याभोवती एक फेरी मारली.

"घरात माणसं सहा. एवढी मोठी काऊन आणली?"

"गावासाठी आणली," भाऊ म्हणाले.

"मंग गावाले सांगा घासाले." असं म्हणून त्यांनीच राख आणली.

भाऊ वांगी-मेथी पिकवत आणि धाड गावच्या बाजारात विकत. पहाटे उठून समोरच्या मारुतीला दिवा लावत. एकादशीला भजन म्हणत, आणि ते असं की देवळातली कबुतरं उडून वडावर जाऊन बसत. गोजराबाईंचे गुडघे दुखत म्हणून पीठ स्वतः मळत. देवळाच्या ओट्यावर बसून दिवस ढकलणारी जाणती मंडळी त्यांना 'बायकोचा गडी' म्हणत. भाऊ हसत आणि पुढची भाकरी थापत.

मला त्यांनी कधी घरात ठेवलं नाही. अंगणाबाहेरच्या निंबाला टेकवून ठेवलं. का, तर नेणाऱ्याला उंबऱ्याशी येऊन तोंड वेंगाडावं लागू नये. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, ज्याला लागेल त्याने उचलावी. अटी दोनच. कढई परत आणताना रिकामी आणायची नाही, जे शिजलं त्यातलं घासभर घालून आणायचं. आणि मला कधी पालथी घालायची नाही. पालथी कढई म्हणजे चूल विझलेलं घर, असं ते मानत.

गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवाडा. देवळाची तांब्याची मोठी भांडी तिकडे जात नसत. का जात नसत, असं विचारलं की जाणती मंडळी आभाळाकडे बघत. मी मात्र जात असे. भाऊ स्वतः गाडी जुंपत, वाड्यात चुलवण पेटवून देत, आणि धुराने लाल झालेले डोळे पुसत घरी येत. दुसऱ्या दिवशी वाड्यातून मी परत आले की माझ्यातली वांग्याची भाजी ते वाटीत घेत आणि घरच्या ओट्यावर, देवळाच्या अगदी समोर बसून, भाकरीशी खात. बोटं चाटत. हे पाहिल्यापासून देवळाचे पंच हिंमतराव यांनी आमच्या घरचं पाणी सोडलं. भाऊंनी त्यावर भाषण वगैरे केलं नाही. वाटी पुसून खाल्ली, एवढंच.

मग एका उन्हाळ्यात भाऊ गेले. साधा ताप होता, म्हणाले उतरेल, आणि गेले.

तेरवीला माझ्यातच वरण शिजलं आणि त्याच दिवशी देवळात शोकसभा झाली. काय सांगू, जिवंतपणी ज्याला कुणी दोन शब्द नीट बोललं नाही, त्याच्यासाठी लोकांनी त्या दिवशी पोतंभर शब्द ओतले. हिंमतराव उभे राहिले. उपरण्याने कोरडे डोळे पुसले.

"कडूबा म्हणजे देवमाणूस होता," ते म्हणाले. "मले तर सख्ख्या भावासारखा. आमी दोघं एका ताटात जेवलो हावो."

मी लोखंडाची नसते तर तिथेच तडकले असते.

दुसरे पंच नारायणराव म्हणाले, "त्याची आठवण राह्यली पाह्यजे. कढईचंच स्मारक करू." साऱ्यांनी माना डोलावल्या. माणसाचं काम पुढे चालवण्यापेक्षा त्याचं स्मारक बांधणं सोपं, हे या मंडळींना चांगलं ठाऊक. शिवाय स्मारक झालं की मी वाड्यात जाणार नाही, हेही ठाऊक. ते कुणी बोललं नाही.

चिखलीहून पेंटर आला. त्याने मला आतून-बाहेरून चंदेरी रंग दिला आणि तांबड्या अक्षरांत लिहिलं, 'कै. कडूबाभाऊ स्मृती कढई'. देवळाच्या सभामंडपात सिमेंटचा ओटा झाला. नाव बाहेरच्या अंगावर, ते दिसावं म्हणून मला त्यावर पालथी घातलं. हो, पालथी. लोक येत, माझ्या बुडावर झेंडूची फुलं वाहत, हळदकुंकू लावत, हात जोडत. जन्मभर चुलीवर बूड शेकलं, तिथे आता उदबत्ती.

पालथं असलं तरी ऐकू येतं. एका सकाळी वाड्यातली तानुबाई आली. दोन दिवसांनी तिच्या लेकीचं लग्न होतं. निंबाखालची जागा रिकामी बघून ती तशीच वळली.

"तानुबाई, काऊन चालली व?" गोजराबाईंनी ओट्यावरून हाक मारली.

"काही नाही, बाई. कढई पाहाले आलती. नसन तर राहू द्या. घरोघरच्या पातेल्यांत शिजवू थोडं थोडं."

"अन् वऱ्हाड जेवाले बसलं की भाजी पुरते का तशी? परवाच तुमच्या वाड्यातल्या सुभद्राबाईच्या पोरीच्या लग्नात वऱ्हाड उठून चाललं होतं."

तानुबाईच्या लेकीचा पहिला दिवस सासरच्यांपुढे कसा जाणार, ते त्या भाजीवर होतं. तिला ठाऊक होतं, गोजराबाईंनाही.

गोजराबाई उठल्या. नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता. अशा बाईने देवळात पाय टाकायचा नसतो म्हणे. त्या गुडघे धरत पायऱ्या चढल्या. मंडपात हिंमतराव, नारायणराव आणि बाकीचे बसलेलेच होते.

"वहिनी, हे काय करून राह्यल्या?"

"कढई नेऊन राह्यली."

"आता कढई कुठं हाय ती? स्मारक हाय."

"स्मारकात भाजी शिजते का, भाऊजी?"

नारायणराव पुटपुटले, "रंग ओला असन अजून."

माझ्यावरची फुलं गोजराबाईंनी हलकेच मारुतीच्या पायाशी ठेवली आणि माझा एक कान धरून ओढलं. मला उचलायला दोन माणसं लागतात. मंडपात हट्टेकट्टे पुरुष होते, पण त्यांना सगळ्यांना त्याच वेळी छताकडे बघायचं होतं. मी फरशीवरून किंचाळत पायरीपर्यंत आले. पायरीखाली तानुबाई उभी. वर यायला पाय उचलेना.

"पाहत काय राह्यली? धर दुसरा कान," गोजराबाई म्हणाल्या.

तानुबाई पायरी चढली आणि तिने धरला.

अंगणात दगडांच्या चुलवणावर त्यांनी मला रिकामीच चढवलं. चंदेरी रंग फुगला, फुटला, आणि त्याचा काळाकुट्ट घाण धूर थेट देवळात गेला. स्मारक समिती खोकत खोकत घरोघर पांगली. मग वाळू, विटकर, चिंच, आणि दोघींचे चार हात.

लग्न झालं. भाजी पुरली, उरलीही. दुसऱ्या दिवशी मी परत आले, रिकामी नव्हे. गोजराबाईंनी वाटी भरली आणि भाऊ बसत तिथेच बसल्या. समोर देवळाच्या ओट्यावर हिंमतराव.

"या, भाऊजी," त्यांनी भाकरी मोडत हाक मारली. "तुमच्या भावाच्या घरचं ताट हाय. एका ताटात जेवत होते ना तुमी?"

"माही चतुर्थी हाय आज," हिंमतराव म्हणाले.

पंचांगात त्या दिवशी पंचमी होती. गोजराबाईंनी वाद घातला नाही. वाटी पुसून खाल्ली.

आता मी पुन्हा निंबाला टेकून आहे. एका कानाच्या खाचेत थोडा चंदेरी रंग अजून अडकलाय, तेवढंच माझं स्मारक. भाऊंची आठवण येत असेल तर शोकसभा भरवू नका, मला उचलून न्या. विचारायची गरज नाही. परत आणताना घासभर काहीतरी घाला, आणि फुलं आणली असतील तर ती नवरीला द्या. मला तेवढं उताणी राहू द्या, म्हणजे झालं.