एकशे बारावे पान

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. तुम्ही एक पुस्तक आहात. तुमच्या पोटात असा एक शब्द छापलेला आहे, की तो उच्चारला की काही माणसांची मान खाली जाते. तुम्हाला तो पुसता येत नाही. आले ध्यानात? मग आता माझे ऐका.

मी एक जुनी कादंबरी आहे. अमेरिकेत, अलाबामातल्या एका नदीकाठच्या गावी, गोऱ्या मुलांच्या शाळेत माझी पहिली वर्षे गेली. माझ्यातली गोष्ट पुराची. एक काळा होडीवाला न्यायाधीशाच्या मुलाला वाचवतो आणि स्वतः बुडतो. तीनशे पानांत त्याला नाव नाही. सगळे त्याला काळ्यांना हिणवणाऱ्या त्या एका शब्दानेच हाक मारतात. "माणुसकी शिकावी तर या पुस्तकातून," असे तिथल्या बाई म्हणत आणि मी फुगून जाई.

एकदा कॉर्डेलिया नावाची मुलगी एकशे बाराव्या पानावर, होडीवाला बुडतो तिथे, इतकी रडली की माझा कागद भिजला. तो डाग अजून आहे. त्याच दुपारी मला काखेत धरून ती होडीने घरी निघाली. वल्हवणारा म्हातारा काळा होता. पैलतीरी, तिच्या घरापाशी, त्याने घोटभर पाणी मागितले. कॉर्डेलियाने त्याला त्याच शब्दाने हाक मारली.

"मागच्या दाराला जा. आणि आमच्या पेल्याला हात लावू नकोस!"

गोऱ्यांच्या घरी काळ्यांना मागचेच दार, हे तिथले पोरही जाणे. पण मी गोंधळले. मग सकाळी ही रडली कोणासाठी?

पुढे तिथे नव्या प्रती आल्या आणि फाटक्या पाठीची मी काळ्या मुलांच्या शाळेत गेले. रीतच होती तशी. तिथल्या टॉलिव्हरबाईंनी मला खळीने नीट चिकटवले. इतकी माया मला कोणी लावली नव्हती.

त्या शाळेत दर शुक्रवारी घरच्या माणसांसमोर वाचन असे. एकेका मुलाने एकेक पान वाचायचे. त्या दिवशी मुलांनी पाने आधीच मोजून ठेवली होती.

"व्हर्लीन, एकशे बारा तुझ्यावर आलंय गं!" रूफस खिदळला. "म्हण आता तो शब्द, आजोबांच्या तोंडावर!"

"तू गप रे! आधी अडखळल्याशिवाय वाचायला शीक."

तिचे आजोबा पहिल्याच बाकावर, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मी ओळखले. तोच होडीवाला म्हातारा! त्यांना वाचता येत नव्हते. नातीचे वाचन ऐकायला त्यांनी आज होडी बांधून ठेवली होती.

"मोठ्यानं वाच गं बाळा. एका कानानं कमी ऐकतो मी."

व्हर्लीन उठली. तिने मला एकशे बाराव्या पानावर उघडले. तो शब्द आला तशी ती थांबली. मग तिने वाचले, "मिस्टर अँसेल मोझली यांनी होडी पाण्यात लोटली."

आजोबांनी मान वर केली. "माझं नाव? पुस्तकात?"

मला काही कळेना. माझ्यात तसे छापलेले नव्हते. पुस्तक जपावे, त्यातले अक्षरही बदलू नये, असे मी मानत आले होते. मग हे खोटे म्हणावे, की इतकी वर्षे मीच खोटे बोलत होते? तो शब्द येई तिथे ती तेच नाव वाचत गेली आणि म्हातारा ताठ होत गेला. पण मित्रांनो, पानाचा शेवट मला ठाऊक होता.

व्हर्लीन शेवटच्या ओळीशी आली. तिचे बोट त्या डागावर थांबले.

"मग?" आजोबांनी विचारले. "पोचलो का गं मी?"

व्हर्लीनने मला मिटून बाकावर ठेवले. ती आजोबांसमोर जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "मिस्टर मोझली पैलतीरी पोचले. पुढच्या दाराने आत गेले. आणि पेलाभर पाणी प्यायले."