दुधाचा दोष

सल्काने नर्स लेहबीबाच्या हातातला रक्ततपासणीचा कागद हिसकावून घेतला. वाचता येत नव्हतं, तरी उलटासुलटा करून बघितला.

"दुसऱ्या कुणाचा असेल."

"तुमचाच आहे, मावशी," लेहबीबा म्हणाली. "दाहाला जो गव्हाचा आजार, तोच तुम्हाला. त्याच्या पोटात उतरला, तुमच्या कातडीवर. मूळ एकच, रक्तातून येतं. कोपरावरचे हे फोड वाळूचे नाहीत."

"तीस वर्षं वाळूचेच होते ते!"

"गव्हाचा पाव सोडा, मग बघा."

दाहा तिचा नातू. दोन वर्षांचा झाला तरी पोट मडक्यासारखं आणि पाय नुसत्या काड्या. सुनेचं दूधच नासकं, तिच्या घराण्याचं रक्तच खराब, असं सल्कानेच वाळवंटातल्या निर्वासित छावणीभर सांगितलं होतं. हमूदीच्या, म्हणजे मुलाच्या, कानाशीही तेच रोज. शेवटी त्याने गालियाला तलाक दिला. ती पोराला पाठीशी बांधून माहेरच्या तंबूत निघून गेली. भांडलीसुद्धा नाही.

"आणि गालियाचं रक्त?" सल्काने हळूच विचारलं.

"बाहेरच्या डॉक्टरांनी तपासलं. तिच्यात ते बीजच नाही."

पलीकडच्या वस्तीत तबल, बायकांचा ढोल, वाजायला लागला. तलाकानंतरची तीन महिन्यांची मुदत काल संपली होती, आणि आज माहेरचे गालियाच्या तलाकाचं जेवण घालत होते. अशा जेवणाला कुणीतरी गडी उंट घेऊन येतोच, सगळ्यांदेखत बाईला मागणी घालतो आणि आधीच्या नवऱ्याचं नाक कापतो. तो यायच्या आत पोचलं, तर सून आणि नातू अजून परत येतील. सल्काने चपला पायात सरकवल्या आणि भर उन्हात निघाली.

तंबूत तीसेक बायका. तिला बघून एक म्हातारी ओरडली, "या, या! नासकं दूध प्यायला आलात होय?"

सगळ्या खिदळल्या. गालिया मधोमध बसली होती, मेंदी लावून, अंगभर गुंडाळलेल्या कोऱ्या निळ्या मेलफ्यात. मांडीवर दाहा भात खात होता. गहू सुटल्यापासून गाल भरले होते त्याचे. सल्काला ते बघवेना. तिने गालियाला हाताला धरून कोपऱ्यात नेलं.

"पोरी, चुकलं माझं. तुझ्या दुधात काही नव्हतं. माझ्याकडूनच गेलंय पोरात. हमूदीला आत्ता धाडते. नवा निकाह लावू, तू म्हणशील तो मेहर."

"मला माहीत आहे, मावशी."

तीन वर्षं ती 'आई' म्हणायची.

"कधीपासून?"

"अडीच महिने झाले. दाहाचं कळलं तेव्हा नर्सने विचारलं, घरात कुणाला अशी खाज सुटते का. मी सरळ 'नाही' म्हणून सांगितलं. तुमच्या कोपरांना तेल कोण चोळत होतं? मीच ना?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मुदतीच्या आत हमूदी मला परत घेऊन गेला असता. मला विचारायचीही गरज नव्हती त्याला. मुदतीचे चार दिवस उरले तेव्हा नर्सला तुमचं रक्त घ्यायला पाठवलं."

"आणि तोवर मी खाजवत बसले!"

"तीस वर्षं बसलात. अडीच महिन्यांनी काय बिघडलं?"

जेवणं वाढली. काही झालं तरी पाहुणी, म्हणून सल्कालाही बसवलं. गालियाच्या बहिणीने पुढ्यात उंटाचं मटण आणि गरम पाव ठेवला.

"यांचा पाव उचल," गालिया म्हणाली.

तबल थांबला. वाळवंटात वैऱ्याच्याही पुढचा पाव कुणी काढत नाही.

"शाब्बास गं!" मघाची म्हातारी म्हणाली, आणि कुणीतरी टाळी दिली.

गालियाने खुलासा केला नाही. भाताचं ताट सल्काकडे सरकवलं आणि ती स्वतः काय सांगते म्हणून तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

मला गहू चालत नाही, रोग माझ्याच रक्तातला. एवढं सल्काने म्हटलं असतं तरी पुरे होतं. सल्काने एकेका बाईकडे बघितलं. दुधाची गोष्ट तिने यांतल्या प्रत्येकीच्या घरी जाऊन सांगितली होती.

तिने शेजारणीच्या ताटातून पावाचा मोठा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि सगळ्यांदेखत सावकाश चावत राहिली.