थंड हवेच्या पाइपाचे सतरा मंगळवार

अकोल्यात मे महिन्यात माणसाची सावलीसुद्धा घराबाहेर निघत नाही. उंबरठ्यापर्यंत सोबत येते आणि तिथंच बसकण मारून म्हणते, तुमी व्हा पुढं, मी दिवेलागणीले पाहतो. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी दुपारी दोन वाजता येऊन आपापली सावली मोजून घ्यावी.

अशा गावात नत्थुजींच्या ट्रकाला धाप लागली, तर त्यात ट्रकाचा दोष काय? तरी ही धाप मे महिन्याची नव्हती. ती संक्रांतीलाच लागली होती. सव्वीस वर्षांचा, पुढं लांब नाक असलेला सहाचाकी ट्रक, मागच्या फळीवर ‘रुख्मिणी कृपा’. हे नाव पाहून रुख्मिणीबाई स्वतः म्हणाल्या होत्या, “अजी, माह्यं नाव मांगं काहून लिवलं? मी काय धूळ खाऊ?” त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. नाव मागंच आहे, अन् धूळ खाणारे नत्थुजी पुढं.

मिस्त्रीनं बोनेट उघडून निदान केलं. “नत्थुजी, याच्या नाकात इंजिनाचीच गरम हवा जाऊन राहिली. हवेचा डबा तडकला. बाहेरची थंडी हवा आणणारा पाइप बसवा, कोल्ड एअर इनटेक म्हणतात त्याले. कंपनीचा जुना पीस आता भेटत नाही, बाजारातला पाहा लागीन.”

“बाहेरची थंडी हवा?” नत्थुजी म्हणाले. “अकोल्यात?”

“इंजिनाच्या मानानं थंडी. तुमच्या मानानं नाही.”

म्हणून त्या मंगळवारी नत्थुजी अमरावतीत पंजाबरावांच्या स्पेअर पार्टच्या दुकानाची पायरी चढले. मंगळवार ठरलेला होता. सकाळी अकोल्याच्या दाल मिलमधून डाळीची पोती अमरावतीला टाकायची, आणि परतीची तूर भरून होईपर्यंत चार तास कुठंतरी काढायचे. आधी ते बाजार समितीच्या शेडखाली चाकाला टेकून काढायचे. तिथं त्यांच्याशी बोलणारा एकच होता, वजनकाट्यावरचा माणूस, आणि तो फक्त “गाडी नंबर बोला” एवढंच बोलायचा. घरी रविवारी पुण्याहून मुलाचा, किशोरचा फोन येई. “बाबा, जेवले का?” “हाव.” “बरं, ठेवतो.” हप्त्याभरात नत्थुजींच्या तोंडून निघालेले शब्द मोजले तर एका पोस्टकार्डावर मावले असते आणि पत्त्याला जागा उरली असती.

पंजाबरावांचं दुकानही काही गजबजलेलं नव्हतं. नव्या गाड्या थेट कंपनीच्या वर्कशॉपात जात. पंजाबराव स्टुलावर बसून रस्त्याकडे पाहत, आणि फोनवरच्या ऑर्डरी आतल्या टेबलावरून त्यांची सून माधवी सांभाळी.

“बसा,” पंजाबराव म्हणाले. “आमच्या दुकानाचा कायदा ऐकून घ्या. माल पाहते तो पाव्हणा, माल नेते तो गिऱ्हाईक. पाव्हण्याले चहा, गिऱ्हाइकाले बिल.”

नत्थुजींनी चहा घेतला आणि माल पाहायला सुरुवात केली.

पहिला पीस उघड्या शंकूसारख्या फिल्टरचा होता. पंजाबरावांनी तो हातात घेतला न घेतला तोच खाली ठेवला. “हा बोनेटच्या आतच बसते. म्हणजे चुलीपाशी पंखा लावून वाफच अंगावर घेनं. नाही जमत.”

पुढच्या मंगळवारी उंच पाइप निघाला, टपाच्या वरून हवा घेणारा. “हवा चांगली भेटते,” पंजाबराव म्हणाले. “पन मोर्शीकडं एकानं लावला अन् संत्र्याच्या बागेतून गाडी काढली. पाइपानं झाडावरची चार संत्री गिळली. गाडी आठ दिवस रसावर चालली, मंग डिझेलले तोंडच लावे ना.”

“तुमी पाह्यली ती गाडी?”

“सालपटं पाह्यली.”

नत्थुजींनी मान हलवली. आपल्याकडंही काही आहे हे दाखवायला म्हणाले, “माह्या गाडीनं तिवस्यापाशी एकदा चिमणी गिळली होती. सायलेन्सरातून निघाली, पाठ काळी झाली होती. तवापासून ती सोताले कावळा समजते.”

पंजाबराव बराच वेळ हसले नाहीत. मग एकदम हसले, आणि दुसरा चहा आला.

तेल लावलेल्या कापडाचा फिल्टरही पाहून झाला. तो धुऊन पुन्हा वापरता येतो. पण वऱ्हाडातली काळी धूळ त्या तेलाला अशी चिकटते की फिल्टर धुतला तर खाली पाव एकर वावर निघतं आणि तलाठी सातबारा घेऊन येतो, असं पंजाबरावांचं म्हणणं पडलं. शेवटी एक बंद डब्याचा पीस निघाला, पुढच्या जाळीपर्यंत जाणारा जाड पाइप, आत कोरडा फिल्टर. नत्थुजींनी तो उलटा-सुलटा केला.

“हा बरा दिसते.”

“हाव, बरा हाय.”

“मंग?”

“मंग काय? बरा हाय म्हून घाई करा लागते का? पाहू पुढल्या मंगळवारी.”

असे सतरा मंगळवार झाले. लोक सोळा सोमवार करतात आणि देव पावतो. इथं सतरा मंगळवार झाले, पण पाइप काही पावला नाही. पावू नये म्हणूनच हे व्रत होतं, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हते. नत्थुजी मंगळवारी धुतलेला सदरा घालू लागले. वाटेत मूर्तिजापूरपर्यंत ते नवी थाप जुळवत आणि बडनेऱ्यापर्यंत तिला मीठ लावत. सबंध आठवड्यात तेवढा एकच दिवस कुणीतरी त्यांना प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत असे.

अठराव्या मंगळवारी स्टूल रिकामं होतं.

“मामाजी मोझरीले गेले,” माधवी आतून म्हणाली. “या काकाजी, बसा. चहा सांगतो.”

ती समोर येऊन बसली. पोरगी कामाची होती. सतरा वेळा येऊन काहीच न घेता गेलेल्या माणसाचं तिला वाईट वाटत होतं. “काकाजी, मामाजी तुमाले उगीच फिरवून राहिले. खरं सांगा, तुमाले कोनता पसंत हाय?”

इतक्या मनापासून विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं नत्थुजींना जमलं नाही. त्यांनी बंद डब्याच्या पिसाकडे बोट केलं.

“हा? हा तर तुमच्याच गाडीच्या मापाचा हाय.” तिनं समोरच्या मिस्त्रीला हाक मारलीही. “बोल्ट चारच लागतीन. तुमची तूर भरून होईस्तोवर बसते.”

नत्थुजी नाही म्हणायला कारण शोधू लागले. माप जुळतं, फिल्टर कोरडा, पाइप पुढं. संत्र्याची गोष्ट या पोरीपुढं चालली नसती. मिस्त्रीनं शेडखाली जाऊन दीड तासात पाइप बसवला. त्यांनी पैसे दिले, तिनं बिल दिलं. चहा अर्धाच प्याला गेला होता.

आणि ट्रक पळाला. सव्वीस वर्षांचं धूड असं सुटलं की बोरगावपाशी मागून लागलेलं कुत्रं थांबून स्वतःचे पाय तपासू लागलं. उड्डाणपुलावर धाप नाही, धूर नाही. अकोल्याला नत्थुजी रोजच्यापेक्षा एक तास आधी पोचले.

एक तास आधी म्हणजे कुठं? कुलूप त्याच जागी होतं. आत खिडकीत लोखंडी कूलर कोरडा उभा होता, कोपऱ्यात नव्या खसाची, म्हणजे वाळ्याची, जुडी तशीच बांधलेली. मार्चमध्ये सवयीनं आणली होती. खस बदलायचा तर एकानं चौकट धरायची आणि दुसऱ्यानं तार ओढायची. रुख्मिणीबाई चौकट धरत आणि तार आणखी घट्ट ओढा म्हणून बोलत राहत. यंदाही नत्थुजींनी चौकट गुडघ्यांत धरून पाहिली, ती घसरून पायावर पडली. मग त्यांनी नाद सोडला. त्या दिवशी तो जास्तीचा एक तास त्यांनी पलंगाच्या कडेला बसून काढला. तास थंड हवेनं मिळाला होता, पण खोलीत गरमच होता.

पुढच्या मंगळवारी ते दुकानासमोरून गेले. पंजाबराव स्टुलावर होते. नत्थुजींनी गाडी हळू केली. काय सांगून उतरायचं? माल घेतलेला माणूस पाहुणा राहत नाही. पंजाबरावांनी हात वर केला, नत्थुजींनीही केला. गाडी पुढं गेली आणि नत्थुजींनी शेडखाली चाकाला टेकून चार तास काढले. काट्यावरचा माणूस म्हणाला, “गाडी नंबर बोला.” नत्थुजींनी सांगितला.

त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी त्यांनी कोपऱ्यातल्या खसाची जुडी उचलली, अर्धी सोडवून घेतली, माठातलं पाणी शिंपडलं, आणि बोनेट उघडून नव्या पाइपाच्या तोंडात ती ठासून बसवली. बसवताना खसाचा वास सुटला तसे हात थोडे थांबले. मग त्यांनी आणखी एक मूठ ठासली.

मंगळवारी ट्रक काळा धूर सोडत, खोकत दुकानासमोर येऊन उभा राहिला.

“पंजाबराव, तुमचा पाइप काई कामाचा नाही,” नत्थुजी पायरीवरूनच म्हणाले. धुतलेला सदरा होता. “गाडीले पहिल्यापेक्षा जास्त धाप लागली.”

माधवी घाईनं बाहेर आली. “असं कसं काकाजी? माप तर बरोबर होतं.”

“थांब,” पंजाबराव म्हणाले. त्यांनी स्वतः बोनेट उघडलं, पाइपात दोन बोटं घातली आणि खसाच्या चार काड्या ओढून काढल्या. रस्त्यावर डिझेलचा, धुळीचा आणि त्यातूनच ओल्या खसाचा वास पसरला. त्यांनी काड्या नाकाशी धरल्या. नत्थुजी आपल्या चपलांकडे पाहत राहिले.

“माधवी,” पंजाबराव म्हणाले, “चहा सांग. अन् समद्या पाइपांचं पुस्तक आन. हा पीस अकोल्याच्या हवेले जमत नाही.”

माधवीनं काड्यांकडे पाहिलं, दोघा म्हाताऱ्यांकडे पाहिलं. “मंग दोन-दोन कप सांगतो,” ती म्हणाली आणि आत गेली.

पंजाबरावांनी काड्या खिशात घातल्या. “खस नवा हाय. घरी कूलरले नाही बांधला?”

“एकट्यानं होत नाही. चौकट धराले मानूस लागते.”

पंजाबरावांनी बोटांची काजळी फडक्याला पुसली. 

“येत्या रविवारी मले अकोल्यात काम हाय,” ते म्हणाले.

“काय काम?”

“ते अजून ठरलं नाही.” त्यांनी बोनेट हळूच खाली केलं. पाइपात उरलेला खस त्यांनी काढला नाही. “तोवर राहू द्या हा आतच. गाडी पळवून रविवार काय लवकर येते?”