मागचा उजवा टायर

जीपचा मागचा उजवा टायर पुन्हा टकला झाला आणि सासरेबुवांना गुन्हेगार घरातच सापडला.

"जावईबापू, वळणावर गाडी फेकता तुम्ही. आता नवा बसवलेला टायरही असाच गेला तर स्टिअरिंग माझ्या मुलाकडे. तुम्ही आत बसून फोन उचला."

हा मुलगा म्हणजे गॅरेजच्या फाटकातून निघताना दोन्ही आरसे ठोकणारा प्राणी. पण पोटचा! जावई मात्र बंद पडलेल्या गाड्या ट्रेलरवर चढवून ओढत आणण्यात जीव रमवून बसलेला. फोनवर लोकांचं "अजून किती वेळ?" ऐकत म्हातारं व्हायला तो मुळीच तयार नव्हता.

मग त्यानं त्या टायरचा पिच्छाच पुरवला. हवा तपासली, बरोबर. अलाइनमेंट करून आणलं, तेही बरोबर. डावा टायर उजवीकडे लावून पाहिला, तर तोही थोड्याच दिवसांत त्याच वाटेनं गेला. शेवटी शहाण्या माणसानं पहिल्याच दिवशी केलं असतं ते त्यानं केलं. जीप सपाट जागी लावली आणि तिच्यामागे उकिडवा बसला. रिकामी जीप सरळ उभी होती. भरलेला ट्रेलर जोडला आणि ती उजवीकडे कलली. सासूबाईंची शिवणकामाची टेप आणून मोजलं, तर ट्रेलर अडकवायचा हुक मधोमध नव्हताच, चांगला वीतभर उजवीकडे होता. सगळं ओझं एकाच टायरच्या बोकांडी.

आणि हा हुक खुद्द सासरेबुवांच्या हातचा. त्या वेल्डिंगचं कौतुक ऐकल्याशिवाय या घरात पाहुण्याची सुटका नसे.

"मामा, हुक बाजूला आहे," जावई जीव मुठीत धरून म्हणाला.

"हुक मधोमधच आहे!" सासरे गरजले. "जीप सरकली असेल!"

सासूबाई टेप मागायला आल्या होत्या. "अहो, तुम्ही चालवायचात तेव्हाही हाच टायर जायचा. गुपचूप नवा आणून बसवायचात. तेव्हा वळणावर गाडी कोण फेकत होतं, मी?"

सासऱ्यांनी टेप हिसकावून मोजलं. उलटी धरून पुन्हा मोजलं. मग त्या टकल्या टायरलाच टेकून खाली बसले.

"मुद्दामच लावला तिकडे," ते म्हणाले. "मागच्या दारावर स्टेपनी आहे ना. हुक मधोमध असला की ट्रेलरचा दांडा तिच्याआड जातो, रिव्हर्स घेताना काही दिसत नाही. मी एकटा होतो. मागं उभं राहून 'ये, ये, बस' म्हणायला होतंच कोण? मग टायर जायला लागले. पण तोवर सगळ्यांपुढे मिरवून झालं होतं."

जावयाला हसू आवरेना, आणि म्हाताऱ्याची कीवही आली. इतकी वर्षं हा माणूस एकट्यानं मान मोडून मागे बघत होता.

"मग आता मधोमध लावू या," तो म्हणाला. "पण चालवणार कोण?"

सासरे गुडघ्यावर हात देऊन उठले. "रिव्हर्स घेताना मागं मलाच उभं राहावं लागणार. पोरगा गाडी मागे घेत असताना मी तिच्यामागे उभा राहू? मला अजून जगायचंय. तुम्हीच चालवा."

आणि आपल्याच वेल्डिंगला शिव्या घालत ते ग्राइंडर आणायला गेले.